पाठीवरचे अंगठे

निकोडे सरांनी मला ओळखलं नाही.

दार ढकलून ते आत आले, रुमालाने मान पुसली आणि खुर्चीवर टेकण्याआधीच माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "मॅडम, कूलर जरा इकडं वळवता का? जीव जाऊन राह्यला या चंद्रपूरच्या उन्हात." मी उठले आणि कूलर वळवला. परीक्षकाने उमेदवाराचा कूलर वळवायचा नसतो, पण हात आपसूक गेला, जुन्या सवयीने गेला. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या चेहऱ्याकडे बघेल आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळेल. त्यांनी डोळे मिटून वारा घेतला. मग खिशातला चष्मा काढून लावला, समोरचा संगणक न्याहाळला, आणि "भल्ली चांगली मशीन आहे हो तुमच्याकडं," असं कौतुकही केलं. मी पाणी प्यायले.

या भेटीची तालीम मी इतकी वर्षं केली होती की ती होऊन गेल्यासारखीच झाली होती. भांडी घासताना केली, मूल गावाला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून केली, ताप आला तेव्हा तापातसुद्धा केली. कधी त्यात निकोडे सर हात जोडत, कधी मी काहीच न बोलता नुसती बघत राही आणि ते घामाघूम होत. मनातल्या मनात मी त्यांना इतकं रडवलंय की आज त्यांच्या डोळ्यांखालची सूज बघून क्षणभर वाटलं, ती माझ्यामुळेच आली असावी. सगळ्या तालमींत एकच गोष्ट कधी आली नव्हती, ती म्हणजे मी त्यांना आठवणारच नाही ही. ज्याला मी रोज उठून शिव्या दिल्या त्याच्या लेखी मी नव्हतेच. हे मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे, बहुतेक दुप्पट शिव्या दिल्या असत्या.

ओळखीचा उमेदवार समोर आला तर परीक्षकाने सांगून उठायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मी उठले नाही. ओळख म्हटली की ती दोघांची लागते, एकट्याची ओळख कसली, असं मी स्वतःला समजावलं आणि कॅमेरा सुरू केला. जुने कागद स्कॅन करवून घेणाऱ्या सुपरवायझरांची ही परीक्षा, आणि तिचं चित्रण होतं. लाल दिवा लागला की जे बोललं जाईल ते थेट मुख्य कार्यालयाच्या यंत्रात जाऊन बसतं, मग ते मलाही पुसता येत नाही. निकोडे सरांनी दिव्याकडे बघून केस नीट केले. "मॅडम, जरा सांभाळून घ्या बरं," ते म्हणाले, "आजवर कोनी सर्टिफिकेट विचारलं नाई. आता म्हनते सुपरवायझर रहायचं असन तर परीक्षा द्या. नाई पास झालो तर कालची पोरं मले टेबल पुसाले लावतीन." मी म्हटलं, "सुरू करूया." पुस्तकी मराठीत म्हटलं. चंद्रपुरात राहून मी जे काही कमावलं त्यात ही भाषाही आहे. ती अंगात घातली की मी कुठली ते कळत नाही.

खोटं कशाला बोलू, मला शिकवलं त्यांनीच. गडचिरोलीला एका मोठ्या हॉलमध्ये जुन्या सरकारी कागदांचं स्कॅनिंग चालायचं, आणि बारावी करून मी जांभुळझरीहून तिथे कामाला लागले होते. जांभुळझरी म्हणजे सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला पाठ लावून बसलेलं आमचं गाव. पहिलं काम पिना काढायचं. गठ्ठा सोडायचा, गंजलेल्या टाचण्या उपटायच्या, घड्या उलगडायच्या, फाटकं पान चिकटवायचं. दिवसभरात बोटांची चाळण व्हायची. निकोडे सर फिरत यायचे आणि माझ्या हातातून कागद घेऊन दाखवायचे, "अशी मशीनमंधी नको कोंबू पोरी, कागदाले आधी वारा दे, मंग ते एकमेकाले सोडते." गठ्ठ्याच्या कडेवरून ते अंगठा फिरवत तेव्हा पानं फुर्र करून मोकळी होत. मला ते आवडायचं. तो आवाज मला अजून आवडतो, आणि आवडतो म्हणून स्वतःचा रागही येतो. गुरू म्हणून त्यांच्या पाया पडावं असं त्या वेळी मला खरंच वाटे, एकदा पडलेही होते. ते आठवलं की अजून अंगाची लाही होते.

मग आमच्याच गावाचा गठ्ठा आला. सामूहिक वनहक्काचा दावा होता, म्हणजे विडीची तेंदूपानं, मोह, बांबू, गुरांची चराई यांवर अख्ख्या गावाचा हक्क मागणारा. त्याला ग्रामसभेचा ठराव जोडला होता आणि ठरावाला सह्यांची पानं. आमच्या भागात एक रीत आहे. ज्यांना सही येते ते पानाच्या पुढच्या बाजूला करतात, आणि ज्यांना येत नाही त्यांचे अंगठे सचिव पान उलटून पाठीवर घेतो. शाई पसरून सह्या बिघडू नयेत म्हणून. शिवाय म्हाताऱ्या बायांना अख्खी कोरी पाठ मिळाली की त्या निवांत, हवा तिथे अंगठा टेकवतात. पुढे बाबांची सही होती, भैयाजी लोनबले, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी. पाठीवर बुधरीबाईचा अंगठा होता. ही बुधरीबाई म्हणजे ज्यांनी जंगलाची हद्द पायी फिरून सचिवाला दाखवली त्यांतली सगळ्यात म्हातारी. शाईचा पॅड सुकलेला असावा, सगळे अंगठे इतके फिके की पान उजेडाला धरलं तरच दिसत. मी धरलं होतं. शेजारच्या मुलीला दाखवलंही होतं, हे आमच्या गावचे. मग कागदाला वारा दिला आणि मशीनमध्ये घातला.

मशीनला पाठीवर काही दिसलं नाही. मशीनमध्ये एक सोय असते, कोरी पाठ आली की ती वगळायची. काम भराभर उरकतं. महिनाअखेर होती, वरून फोन येत होते, आणि निकोडे सरांनी आदल्या दिवशी स्वतः बसून ती सोय चालू केली होती. आम्ही खूश होतो, मशीन सुसाट पळत होतं, सरांनी समोसे मागवले होते. फिका अंगठा आणि कोरा कागद यांत यंत्राला फरक कळला नाही. गावोगावचे अंगठे गेले. कागद गोदामात गेले, गोदामात वाळवी लागली, आणि जेव्हा दावे उघडून बघितले तेव्हा यंत्रात नुसत्या सह्या होत्या. जांभुळझरीचा दावा परत आला. निम्मं गावही ठरावाला हजर नव्हतं, असा शेरा होता त्यावर. जे बुधरीबाईसोबत हद्द फिरले होते, त्यांना कोणीतरी लिहून कळवलं की तुम्ही नव्हताच.

चौकशीला आलेल्या साहेबांसमोर निकोडे सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोट्टीनं सेटिंग बिघडवली." इतकंच. मी म्हटलं, ती सोय बदलायला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड सरांकडे असतो. सर हसले. म्हणाले, "साहेब, इले मशीन कुठून चालू होते ते माहीत नाई, अन् ही पासवर्ड शिकवून राह्यली." साहेबही हसले, कारण पासवर्डचा इथे काय संबंध ते त्यांनाही कळलं नव्हतं. ज्याला कळत नाही तो आधी हसून घेतो. त्या हसण्यात माझी नोकरी गेली. गाडी पकडून गावी आले तर बातमी माझ्या आधी पोचली होती.

गावाने मला मारलं नाही की हाकललं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते. दुसऱ्यांदा ग्रामसभा भरली, पुन्हा पान उलटून अंगठे घेतले, तोवर बुधरीबाई गेली होती. तिचा हात शेवटपर्यंत दुखत नव्हता, अंगठा द्यायला ती तयारच होती, असं तिच्या सुनेने माझ्या आईला ऐकवलं. आईने, आशाबाईने, मान खाली घातली. तेंदूचा तो हंगाम गावाच्या हातून गेला. मला बघायला पाहुणे आले तेव्हा शेजारच्या कोणीतरी त्यांना सांगितलं, हीच ती, गावाचे अंगठे हरवनारी. पाहुणे पोहे खाऊन गेले. आणि बाबा. बाबांना तेंदूच्या फळीवर बसायची हौस. फळी म्हणजे जिथे संध्याकाळी सगळं गाव पानांचे पुडके मोजून द्यायला येतं. बाबा तिथे अंधार होईपर्यंत गप्पा हाणत. त्या सालानंतर हंगाम आला की ते पुडके टाकून मागच्या वाटेने घरी येऊ लागले. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणून मी गाव सोडलं.

चंद्रपुरात मी जैनबआपाच्या बाइंडिंगच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहिले. दिवसा तिच्याकडे पुठ्ठे कापायचे, संध्याकाळी शिकायचं. लोक पगारासाठी शिकतात, लग्नाच्या बाजारात वजन वाढावं म्हणून शिकतात. मी एका माणसाला तोंडावर पाडता यावं म्हणून शिकले. आधी कागदाला नाव कसं द्यायचं ते, म्हणजे उद्या कोणी शोधला तर सापडेल. मग तपासणी, कागद आणि त्याचं चित्र शेजारी शेजारी लावून बघायचं. मी प्रत्येक पानाची पाठ बघायचे, नेमून दिली नसली तरी. मग कुठला कागद किती वर्षं जगवायचा, कोणी बघायचा, कोणी पुसायचा नाही. एका पायरीवर कळलं की कोणी कधी कशाला हात लावला याची नोंद यंत्र आपोआप ठेवतं. ते कळलं त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. गडचिरोलीच्या त्या मशीनमध्ये निकोडे सरांचं नाव कोरून ठेवलेलं असणार, आणि ते मशीन कधीच भंगारात गेलं होतं. जैनबआपा म्हणायची, "दिव्यानी, तू शिकून नाई राह्यली गं, तू सुरी घासून राह्यली." मी म्हणायचे, घासू दे. पायरीमागून पायरी चढत मी इतकी वर आले की आता सुपरवायझर होऊ पाहणाऱ्यांना पास-नापास करणारी मी झाले. आणि ज्याच्यासाठी चढले तो आज कूलरचा वारा खात समोर बसला होता.

उमेदवारांच्या यादीत त्यांचं नाव वाचलं तेव्हाच नापास करायचं ठरवलं होतं. कसं करायचं तेही ठरलं होतं. प्रात्यक्षिकाला मी जुन्या ठरावांच्या नकला ठेवल्या होत्या, पाठीवर फिके अंगठे असलेल्या. करा म्हटलं स्कॅन. हा माणूस घाई करणार, ती सोय चालू ठेवणार, आणि मी लाल शाईने एक रेघ ओढणार. तेवढ्या रेघेसाठी मी जगले होते म्हणा ना.

निकोडे सरांनी गठ्ठा उचलला. कडेवरून अंगठा फिरवला, पानं फुर्र झाली. त्यांनी पहिलं पान उलटलं, खिडकीकडे धरलं, डोळे बारीक केले. मग संगणकावर वाकून कोऱ्या पाठी वगळायची सोय शोधली आणि बंद केली. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी घेतलं, पडद्यावर पाठी एकेक करून तपासल्या, फिक्या होत्या त्या गडद करून पुन्हा घेतल्या. मी शिकवते तसं. माझ्याहून सावकाश, पण माझ्याहून वाईट नाही. लाल पेन माझ्या हातात होतं आणि त्याला करायला काही काम नव्हतं.

"ती सोय का बंद केलीत?" मी विचारलं. आवाज कोरडा ठेवला.

ते खुलले. शिकवायला मिळालं की हा माणूस खुलतोच. "अशे आहे मॅडम, आपल्या झाडीपट्टीत अंगठे मागं घेतात. हे सोय चालू राह्यली का ते गेले समजा. मी पोरायले पहिल्याच दिवशी सांगतो. आमच्याइथी एका पोट्टीनं हे सोय चालू ठेवली होती, गावच्या गाव बोंबलत राह्यले. तवापासून प्रत्येक बॅचले तिचीच गोष्ट सांगतो. ध्यानात राहते पोरायच्या."

प्रत्येक बॅचला. म्हणजे गडचिरोलीपासून कुठवर किती पोरापोरींनी माझी गोष्ट वहीत उतरवून घेतली असेल. मी गावात एकदा बदनाम झाले असं समजत होते, आणि हा माणूस मला दरवर्षी नव्याने बदनाम करत होता, हसत, खडू हातात घेऊन, चांगल्या हेतूने. त्याने चूक केली, चुकीतून शिकला, आणि शिकलेलं स्वतःकडे ठेवून चूक तेवढी माझ्या नावावर लावली. नावावर तरी कुठे?

"त्या मुलीचं नाव काय होतं?"

त्यांनी छताकडे बघितलं. खरंच आठवायचा प्रयत्न केला. "नाव... आता नाई आठवत मॅडम. होती एक, सिंदेवाहीकडची."

मला रडू आलं नाही. डोकं थंड झालं, इतकं थंड की कूलरचा आवाज थांबल्यासारखा वाटला. मी पुढचा प्रश्न अभ्यासक्रमातलाच विचारला. "ही सोय बदलायला काय लागतं?"

"पासवर्ड लागते न."

"तो ऑपरेटरकडे असतो?"

"छे, छे. ऑपरेटरले देतच नाई. सुपरवायझरकडंच पायजे, अन् टाकताना बी कोनाले दिसू द्याचा नाई." बरोबर उत्तर दिल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

"तुम्ही तसंच करायचे? सुरुवातीपासून?"

"सुरुवातीपासून. लिहून बी नाई ठेवला कधी."

"मग त्या मुलीने सोय चालू कशी केली?"

हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. ते कॅमेऱ्याकडे बघायला लागले, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्या लाल दिव्याकडे. "तिनं मागून पाह्यला असन," असं काहीतरी सुरू केलं आणि आपणच आत्ता काय बोललो ते आठवून अर्ध्यात सोडलं. मी घाई केली नाही. मला त्यांचा तो अर्धवट श्वास हवा होता. चौकशीच्या खोलीत मी तसाच श्वास धरून उभी होते, आणि मला कोणी कूलर वळवून दिला नव्हता.

"तवा सुपरवायझर कोन होतं, सर?" मी विचारलं. पुस्तकी मराठी गळून पडली, मी ती उचलली नाही. "बोला न. काऊन चूप बसले? मशीन कुठून चालू होते ते मले माहीत नव्हतं म्हनले होते न तुमी?"

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्यांच्या आठवणीतून मी वर येताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. "दिव्यानी?" म्हणाले. "लोनबलेची?" मग अगदी हळू, "कॅमेरा बंद कर न पोरी."

"बंद केला तरी झालं ते मले पुसता येत नाई. तुमीच शिकवलं होतं, एकदा रेकॉर्ड झालं का हात लावाचा नाई."

ते रडले नाहीत. तालमीतल्यासारखे हातही जोडले नाहीत. टेबलाच्या कडेवर नख घासत राहिले आणि म्हणाले, "टार्गेट होतं. वरून फोन येऊन राह्यले होते. मीच चालू केली. साहेबासमोर बोट तुझ्याकडं गेलं, मंग मांगं घेता नाई आलं. सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं." खरंच वाटायला लागलं असेल. त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढला. मला जाळायला त्याला नीट दुष्टपणासुद्धा करावा लागला नव्हता.

मी पेन उचललं आणि त्यांना पूर्ण गुण दिले. प्रात्यक्षिक पूर्ण, तोंडी पूर्ण, शेरा उत्तीर्ण. त्यांनी कागद वाचला आणि "माफ केलं का बाई तू मले?" असं विचारायला त्यांचे ओठ हलले. मी म्हटलं, नाही. आयुष्यभर नाही. नापास माणसाचं कोण ऐकतं? उद्या तो म्हणेल, बाईच्या पोटात जुनं काही होतं, तिनं पाडलं. मला त्यांच्या बोलण्याला वजन हवं होतं. आता ते परीक्षा पास झालेले सुपरवायझर होते, जे बोलतील ते जाणकाराचं बोलणं.

उन्हं कलली होती. मी बाबांना फोन लावला. जंगलाच्या कडेला आवाज तुटत येतो, पण मागचा कलकलाट ऐकू आला, पुडके मोजण्याचा. "बाबा, फळीवर आहा का?"

"आहो. टाकून निंगालोच होतो. काऊन बाई?"

"निंगू नका. फोन मोठ्या आवाजावर टाका अन् सगळ्यायले जवळ बोलवा. गडचिरोलीचे निकोडे सर बोलतीन. ते अंगठे कोनं गमावले ते सांगतीन."

पलीकडे मोजणी चालूच होती. मग बाबांचा आवाज आला, थकलेला, माझी समजूत घालणारा. "आता काऊन उकरून काढतं बाई? बोलनारे अर्धे मेले. दावा बी मंजूर होऊन गेला. कोनाले आठवते आता?"

समोर निकोडे सरांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत सुटकेचा उजेड आला, तो मी बघितला.

"मले आठवते बाबा," मी म्हटलं. "फोन धरून ठेवा."

बाबांनी धरला. पलीकडे त्यांनी कोणाला तरी मोजणी थांबवायला सांगितलेलं मी ऐकलं. मी माझा फोन टेबलावर निकोडे सरांपुढे सरकवला आणि म्हटलं, "बोला. आधी माझं नाव घ्या, मंग तुमचं."